चळतीत नवा स्विच : एका तांत्रिक कृतीचे विवेचन व तिची मराठी परिभाषा

१. विषयप्रवेश

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी शेतीसाठी विंधणविहीर घेण्यास ग्रामसभेने मनाई केलेली आहे. हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशातील, मोजक्या पावसाचे. १९८९ च्या सुमारास श्री. पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आल्यानंतर तेथे पाणलोट क्षेत्राच्या विकासाचे जे काम झाले, ते महाराष्ट्रात सर्वविश्रुत आहे. त्या कामातील समतल चरांइतकेच आणि बांधांइतकेच महत्त्व वरील मनाईला आहे. तिच्यामागील विचार असा : विंधणविहीर एका शेतकऱ्याच्या शेतात असते, तिचा खर्च तोच करतो, तिचे पाणीही त्याच्याच पिकास जाते, तथापि ती ज्या भूजलातून उपसा करते ते साऱ्या गावाचे असते. यास्तव एका विहिरीची भर ही वस्तुतः सबंध गावाच्या व्यवस्थेत पडलेली भर ठरते आणि तिचा विचार गावालाच करावा लागतो.

संगणकांच्या जाळ्यात नित्य घडणारी एक कृती याच स्वरूपाची आहे. कार्यालयात, रुग्णालयात किंवा विद्यापीठात संगणकांची संख्या वाढली, की त्यांस जोडणारा ‘स्विच’ अपुरा पडतो आणि आधीच्या स्विचांच्या संचात आणखी एकाची भर घालावी लागते. कृती दिसावयास साधी आहे. एक पेटी चौकटीत बसवावयाची, दोन केबली लावावयाच्या आणि वीज सुरू करावयाची, एवढेच पाहणाऱ्यास दिसते. परंतु याच तीन क्रियांचा क्रम चुकला, तर नव्या पेटीमुळे जुना संच सबंध बंद पडतो. एवढेच नव्हे, तर वर्षानुवर्षे जुळवत आणलेली त्याची रचना नाहीशी होण्याचाही संभव असतो. असे का घडते, ते कसे टाळता येते आणि ही कृती मराठीत सांगताना कोणते शब्द वापरावेत, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तिसरा प्रश्न केवळ भाषेचा वाटेल. परंतु पहिल्या दोहोंशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. स्विच आणि त्याची चळत

मराठी माणसास ‘स्विच’ म्हटले, की भिंतीवरील दिव्याचा खटका आठवतो. जाळ्यातील स्विच म्हणजे निराळी वस्तू. ही एक आडवी, चपटी पेटी असून तिच्या दर्शनी बाजूस बहुधा चोवीस किंवा अठ्ठेचाळीस छिद्रे असतात. त्यांस ‘पोर्ट’ म्हणतात. प्रत्येक पोर्टात एकेका संगणकाची, दूरध्वनीची वा कॅमेऱ्याची केबल खोचलेली असते. एका संगणकाकडून आलेला संदेश ज्याला पाठविला आहे त्याच्याच पोर्टाकडे वळविणे, हे या पेटीचे मुख्य काम होय. याकरिता कोणत्या पोर्टापलीकडे कोणते यंत्र आहे याची नोंद ती स्वतःच ठेवीत जाते. तिच्यापूर्वी वापरात असलेल्या ‘हब’ नावाच्या यंत्रास हा विवेक नव्हता. आलेला प्रत्येक संदेश ते सर्व दारांनी बाहेर लोटीत असे. नाशिक-धुळे भागातील फड पद्धतीत पाटकरी ज्याप्रमाणे पाळीनुसार त्या त्या वाफ्याचेच तोंड उघडतो, त्याप्रमाणे स्विच काम करतो. हबाचे काम मात्र पाट फोडून साऱ्या रानात पाणी सोडून देण्यासारखे होते. इथरनेट पद्धतीचा पहिला स्विच १९९० मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते, ही गोष्ट भाषाभ्यासकांस मनोरंजक वाटेल. १९९४ मध्ये ती ‘सिस्को’ कंपनीत विलीन झाली.

एका स्विचाचे पोर्ट पुरेनासे झाले, की दुसरा आणून पहिल्यास साध्या केबलीने जोडता येतो. परंतु मग दोन यंत्रे दोन ठिकाणी सांभाळावी लागतात. प्रत्येकास निराळा पत्ता द्यावा लागतो, निराळी रचना करावी लागते आणि दोहोंना जोडणारी केबल ही अरुंद वाट ठरते. ही अडचण दूर करण्यासाठी ‘स्टॅक’ची योजना करण्यात आली. सिस्कोने २००३ च्या सुमारास ‘कॅटॅलिस्ट ३७५०’ या मालिकेत ‘स्टॅकवाइज’ नावाची जी पद्धत आणली, तिच्यात जास्तीत जास्त नऊ स्विच विशेष केबलींनी एकमेकांस जोडले जात आणि बाहेरच्या जगास ते सर्व मिळून एकच यंत्र भासत. पत्ता एक, रचना एक आणि कारभार पाहण्याची जागाही एक. या केबलींतून सेकंदास ३२ अब्ज द्विमान-अंक वाहत असत; पुढच्या पिढीत ही क्षमता ६४ अब्जांवर आणि त्यानंतरच्या ‘स्टॅकवाइज-४८०’ या पद्धतीत नावाप्रमाणे ४८० अब्जांवर गेली. जुनिपर कंपनीची याच प्रकारची व्यवस्था ‘व्हर्च्युअल चेसिस’ या नावाने ओळखली जाते.

‘स्टॅक’ या शब्दास मराठीत प्रतिशब्दांची वाण नाही. उलट त्यांची विपुलताच आहे. धान्याची रास असते, गवताची गंजी, पोत्यांची थप्पी, भाकरींची चवड, मडक्यांची उतरंड आणि नाण्यांची किंवा ताटांची चळत. प्रत्येक शब्दाची छटा निराळी. उतरंडीत मोठे मडके तळाशी आणि लहान शिखरावर असावे लागते, म्हणजे तिच्यात स्थानावरून श्रेणी ठरते. राशीत घटकांचे पृथक् अस्तित्वच उरत नाही. चळतीतील घटक मात्र सारख्या आकाराचे, परस्परांपासून अलग ओळखू येणारे आणि समान प्रतीचे असतात. स्विचांच्या संचास हाच शब्द अधिक लागू पडतो, कारण येथे वरची पेटी श्रेष्ठ आणि खालची कनिष्ठ असा प्रकार नसतो. प्रस्तुत लेखात म्हणून ‘चळत’ हाच शब्द योजला आहे.

मात्र एका बाबतीत ही चळत ताटांच्या चळतीहून भिन्न आहे. प्रत्येक पेटीच्या मागील बाजूस चळतीसाठी दोन विशेष पोर्ट असतात. पहिली पेटी दुसरीस, दुसरी तिसरीस अशी जोडत जाऊन शेवटची पेटी पुन्हा पहिलीस जोडतात. अशा रीतीने एक कडे तयार होते. या कड्यातील एखादी केबल निघाली, तरी संदेश दुसऱ्या बाजूने फिरून मुक्कामी पोहोचू शकतो. वहनक्षमता निम्म्यावर येते, परंतु चळत अखंड राहते. दोन ठिकाणी केबल निघाली, तर मात्र कड्याचे दोन तुकडे होतात. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३. प्रमुखाची निवड

अनेक पेट्यांनी एक यंत्र म्हणून वागावयाचे, तर कोणी तरी एकाने कारभार पाहिला पाहिजे. चळतीतील एक स्विच हे काम करतो. २००३ च्या पिढीत त्यास ‘मास्टर’ म्हणत. अलीकडच्या पिढ्यांत त्यास सक्रिय स्विच म्हणतात आणि त्याच्या जोडीस, तो बंद पडल्यास तत्काळ काम हाती घेणारा एक राखीव स्विचही नेमलेला असतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार सरपंचाच्या अनुपस्थितीत उपसरपंच त्याची कामे पाहतो, तशीच ही योजना आहे. उर्वरित पेट्या ‘सदस्य’ होत. संपूर्ण चळतीची रचना प्रमुखाजवळ असते आणि तिची प्रत सदस्यांकडेही ठेवलेली असते.

प्रमुख कोण, हे मनुष्य प्रत्येक वेळी ठरवीत नाही. पेट्या आपसांत ठरवितात. त्यासाठी क्रमाने लावावयाच्या कसोट्या नेमून दिलेल्या आहेत. पहिली कसोटी अशी, की जो आज प्रमुख आहे तोच पुढे प्रमुख राहावा. असा कोणी नसेल, तर ज्याचा अग्रक्रमांक मोठा तो निवडला जावा. हा अग्रक्रमांक सिस्कोच्या पद्धतीत १ ते १५ असा असून व्यवस्थापकाने बदलला नाही तर तो १ असतो. जुनिपरच्या पद्धतीत ही मर्यादा २५५ पर्यंत असून मूळचा अंक १२८ असतो. अग्रक्रमही समान निघाले, तर यंत्राच्या पिढीनुसार काही मधल्या कसोट्या लावल्या जातात आणि तरीही निर्णय न झाल्यास, कारखान्यातच प्रत्येक यंत्रास मिळालेला जो भौतिक पत्ता, तो ज्याचा अंकदृष्ट्या लहान त्याची निवड होते. ही शेवटची कसोटी गुणवत्तेची नव्हे, हे उघड आहे. चिठ्ठी टाकून निकाल लावावा त्यातलाच हा प्रकार होय. यास्तव जाणते व्यवस्थापक अग्रक्रम आधीच ठरवून ठेवतात आणि निवड दैवावर सोडीत नाहीत.

प्रत्येक सदस्यास एक क्रमांकही असतो. हा सदस्यक्रमांक आणि वर सांगितलेला अग्रक्रमांक या दोन भिन्न गोष्टी असून नवशिक्यांचा त्यांत वारंवार घोटाळा होतो. अग्रक्रमांकाने अधिकार ठरतो. सदस्यक्रमांकाने ओळख ठरते. ‘तिसऱ्या सदस्याचा बारावा पोर्ट’ असा उल्लेख रचनेत असतो, तो या ओळखीच्या आधारे. पोर्टांची रचना पेटीशी बांधलेली नसून या क्रमांकाशी बांधलेली असते. म्हणून तिसऱ्या क्रमांकाची पेटी नादुरुस्त झाली आणि तिच्या जागी त्याच प्रतिकृतीची दुसरी पेटी त्याच क्रमांकाने आली, तर जुन्या पेटीची सारी पोर्ट-रचना तिला आपोआप प्राप्त होते. मनुष्य बदलला तरी पदाची कर्तव्ये तीच राहावीत, तसे हे आहे.

४. एकाच कृतीचे दोन अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चळतीत नवी पेटी दोन प्रकारे आणता येते. ती विद्युतरहित स्थितीत केबलींनी जोडून मग तिला वीज देता येते. अथवा आधी तिला वीज देऊन, ती पूर्णपणे कार्यान्वित झाल्यावर, केबलींनी जोडता येते. बाह्यतः दोहोंचा शेवट सारखाच आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र या दोन सर्वस्वी भिन्न घटना होत.

पहिल्या प्रकारात नवी पेटी जागी होते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंस चालती चळत असते. प्रमुख कोण, याचे उत्तर तेथे आधीच ठरलेले असते. पहिल्या कसोटीनुसार तो प्रमुख कायम राहतो, मग नव्या पेटीचा अग्रक्रमांक मोठा का असेना. नवी पेटी त्याच्याकडून रचना स्वीकारते, एक मोकळा क्रमांक घेते आणि सदस्य होते. जुन्या सदस्यांवर जोडलेल्या संगणकांस या घटनेची वार्ताही लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात नव्या पेटीस वीज मिळते तेव्हा तिच्या शेजारी कोणीच नसते. ती एकटी असते. आणि एकट्या पेटीची चळत ही देखील नियमानुसार चळतच होय. म्हणून ती स्वतःसच प्रमुख म्हणून निवडते. आता तिची केबल जुन्या चळतीस लावली, की यंत्रांच्या दृष्टीने तेथे नव्या सदस्याचा प्रवेश होत नाही. दोन स्वतंत्र चळतींचे विलीनीकरण होते. दोन्हींकडे विद्यमान प्रमुख असतो, म्हणून पहिली कसोटी निरुपयोगी ठरते आणि निर्णय अग्रक्रमांकावर जातो. जो पक्ष हरतो, त्यातील प्रमुखासह सर्व पेट्या बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि विजयी प्रमुखाची रचना स्वीकारतात.

यातील धोका आता ध्यानात येईल. समजा, चार पेट्यांची एक चळत अनेक वर्षे चालू आहे आणि तिच्या प्रमुखाचा अग्रक्रमांक मूळचा १ हाच राहिला आहे. दुसऱ्या एका इमारतीतून काढलेली एक जुनी पेटी तिच्यात घालावयाची आहे. पूर्वी ती पेटी तेथे प्रमुख होती आणि तिचा अग्रक्रमांक १५ ठेवलेला होता. व्यवस्थापक तिची रचना पुसून टाकतो आणि पेटी कोरी झाली असे मानतो. परंतु सिस्कोच्या पद्धतीत सदस्यक्रमांक व अग्रक्रमांक यांची नोंद सामान्य रचनेपासून निराळी ठेवलेली असते. रचना पुसली तरी ती नोंद पुसली जात नाही. ही पेटी चालू स्थितीत जोडली, की पंधरा विरुद्ध एक असा सामना होऊन ती विजयी होते. चार जुन्या पेट्या बंद पडतात, पुन्हा सुरू होतात आणि आपल्या नव्या प्रमुखाची कोरी रचना धारण करतात. विभागांचे पृथक्करण, दूरध्वनींचे पोर्ट, सुरक्षेचे निर्बंध या सर्वांचा एकदम लोप होतो. केबलीतूनच वीज घेणारे दूरध्वनी व कॅमेरे पेट्या पुन्हा सुरू होईपर्यंत बहुधा निर्जीव होतात. परीक्षेच्या दिवशी विद्यापीठात, किंवा कोणत्याही दिवशी रुग्णालयात, याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

नवी पेटी हरली, तर हानी तिच्यापुरतीच मर्यादित राहते. ती एकटीच पुन्हा सुरू होते. म्हणूनच अनेकदा चूक होऊनही काही बिघडत नाही, आणि ही पद्धत निर्धोक आहे असा खोटा विश्वास निर्माण होतो. नियम मोडूनही दहा वेळा निभावले, म्हणून अकराव्या वेळी निभावेल असे नाही.

५. पूर्वतयारी

हिवरे बाजार येथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला आणि पाणी किती उपलब्ध आहे याचा हिशेब करून, पिण्याच्या पाण्याची तरतूद प्रथम बाजूस ठेवून, उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावीत हे ग्रामसभेत ठरते. खर्च करण्यापूर्वी हिशेब, हे या पद्धतीचे सार होय. चळतीत भर घालतानाही प्रथम हिशेब मांडावा लागतो. त्यात पुढील बाबी येतात.

पहिली बाब जातीची. कोणतीही पेटी कोणत्याही चळतीत चालत नाही. ती त्याच निर्मात्याची आणि परस्परांशी जुळणाऱ्या मालिकांतील असावी लागते. भिन्न पिढ्यांच्या पेट्या जेथे एकत्र चालतात, तेथेही किंमत मोजावी लागते. ३२ अब्जांच्या जुन्या ३७५० पेटीस ६४ अब्जांच्या नव्या पेट्यांच्या कड्यात घातले, तर साऱ्या कड्यास जुन्या गतीनेच चालावे लागते. शिवाय चळतीतील पेट्यांच्या संख्येची कमाल मर्यादा पाहिली पाहिजे. ती मालिकेनुसार आठ, नऊ किंवा दहा असते.

दुसरी बाब आज्ञावलीच्या आवृत्तीची. नव्या पेटीवरील आज्ञावली जुन्यांपेक्षा भिन्न असेल, तर ती चळतीत दिसते, परंतु कामास लागत नाही. विसंगत म्हणून बाजूस राहते. काही पिढ्यांत प्रमुख तिला आपली आज्ञावली स्वतःहून देतो; काहींत तशी अनुमती आधी देऊन ठेवावी लागते. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे नवी पेटी टेबलावर एकटीच सुरू करून तिची आवृत्ती व परवान्याची पातळी जुन्यांशी आधीच जुळविणे. याच वेळी तिचा अग्रक्रमांक तपासून खाली आणावा, पूर्वीची रचना असल्यास पुसावी आणि मग तिची वीज काढून घ्यावी.

तिसरी बाब नोंदीची. सिस्कोच्या पद्धतीत पेटी येण्यापूर्वीच ‘अमुक क्रमांकावर अमुक प्रतिकृतीची पेटी येणार आहे’ अशी तरतूद प्रमुखाच्या रचनेत करून ठेवता येते आणि तिच्या पोर्टांची रचनाही आगाऊ लिहिता येते. मग पेटी आली की तयार जागेवर बसते. जुनिपरच्या पद्धतीत याहून कडक व्यवस्था करता येते. तेथे प्रत्येक सदस्याचा अनुक्रमांक आगाऊ नोंदवून त्याची भूमिका ठरविता येते, आणि ज्याचा अनुक्रमांक नोंदीत नाही त्यास चळतीत प्रवेश मिळत नाही.

चौथी बाब जतनाची. यंत्राची रचना दोन ठिकाणी असते. एक सध्या अमलात असलेली, ती वीज गेल्यास नाहीशी होते. दुसरी कायम साठविलेली, ती यंत्र सुरू होताना वाचली जाते. हे दोन्ही पाठ एक आहेत याची खात्री करून त्यांची एक प्रत चळतीबाहेर, दुसऱ्या संगणकावर, ठेवली पाहिजे. विद्यमान प्रमुखाचा अग्रक्रमांकही याच वेळी वाढवून ठेवावा. तसे न केल्यास आणखी एक विलंबित धोका संभवतो. नव्या पेटीचा अग्रक्रमांक मोठा असेल, तर ती आज निमूटपणे सदस्य होते. परंतु काही महिन्यांनी इमारतीची वीज जाऊन परत आली, की सर्व पेट्या एकदम सुरू होतात, नवी निवडणूक होते आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना प्रमुख बदलतो.

६. कृतीचा क्रम

पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हे सूत्र सांगतात. टेकडीवरील समतल चर प्रथम खणावयाचे, उतारावरील कामे मग करावयाची आणि ओढ्यावरील बांध सर्वांत शेवटी बांधावयाचा. हा क्रम उलटा केला, तर उघड्या टेकडीवरील माती वाहून येऊन नवा बांध थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो. बांध तोच, चर तेच, मजुरीही तीच. केवळ क्रमाच्या चुकीमुळे फळ हातचे जाते. चळतीच्या कामातही क्रमाचे महत्त्व असेच आहे.

पूर्वतयारी झालेली, विद्युतरहित पेटी प्रथम चौकटीत बसवावी. नंतर जुन्या कड्यातील ज्या दोन पेट्यांच्या मध्ये ती यावयाची आहे, त्यांना जोडणारी एकच केबल काढावी. कडे येथे खंडित होते, क्षमता निम्म्यावर येते, परंतु चळत चालू राहते. काढलेले टोक नव्या पेटीच्या एका पोर्टास लावावे आणि तिच्या दुसऱ्या पोर्टापासून नवी केबल शेजारच्या पेटीस न्यावी. या अवधीत दुसरी कोणतीही चळत-केबल हलवू नये. ती हलली तर कड्याचे दोन तुकडे पडतात. ज्या तुकड्यात प्रमुख नाही, तो आपला नवा प्रमुख निवडतो. आणि त्याच्याजवळही जुनीच रचना असल्यामुळे एकाच पत्त्याची दोन यंत्रे जाळ्यात उभी राहतात. एका गावास दोन सरपंच आणि दोघांचा शिक्का एकच, अशी ती अवस्था होते.

केबलींची टोके पक्की बसल्याची खात्री झाल्यावरच नव्या पेटीस वीज द्यावी. ती सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. त्या काळात उतावीळपणे वीज काढू-घालू नये. ती कार्यान्वित झाल्यावर प्रमुखाकडे चौकशी करून चार गोष्टी पडताळाव्यात : जुना प्रमुख कायम आहे, नव्या सदस्यास अपेक्षित क्रमांक मिळाला आहे, त्याची अवस्था ‘सिद्ध’ अशी दाखविली जात आहे आणि कडे पुन्हा पूर्ण झाले आहे. क्रमांक नको तो मिळाला असेल, तर तो बदलता येतो. मात्र तो बदल त्या सदस्यास पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो. शेवटी रचना कायम साठवावी. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे वाया गेलेली कामे थोडी नाहीत.

७. परिभाषेचा प्रश्न

वरील सूचना मराठीत लिहिताना शब्दांची निवड किती जपून करावी लागते, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. ‘बंद’ हा शब्द पाहा. ‘पेटी बंद आहे’ म्हणजे तिला वीज नाही. परंतु ‘कडे बंद आहे’ याचा अर्थ काय घ्यावयाचा? भूमितीच्या परिभाषेत बंद आकृती म्हणजे पूर्ण झालेली आकृती. विद्युत्शास्त्रात बंद मंडल म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो ते. बोलीत मात्र बंद म्हणजे काम थांबलेले. एकाच वाक्याचे दोन विरुद्ध अर्थ संभवतात आणि ज्याच्या हातात केबल आहे त्यास ते परवडत नाही. म्हणून कड्यास ‘पूर्ण’ व ‘खंडित’ हे शब्द आणि पेटीस ‘विद्युतरहित’ किंवा ‘वीज काढलेली’ हे शब्द राखून ठेवणे इष्ट होय. ‘स्विच बंद करा’ ही आज्ञा तर सर्वथा टाळावी. भिंतीवरील खटका की चौकटीतील पेटी, हा संदेह तिच्यात उरतोच.

‘जोडणे’ या क्रियापदाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. केबल लावणे या भौतिक क्रियेस मराठी ‘जोडणे’ म्हणते आणि संचात सदस्य म्हणून सामावून घेणे या व्यवस्थेतील घटनेसही ‘जोडणे’च म्हणते. चौथ्या भागात वर्णिलेली आपत्ती या दोन अर्थांच्या फटीतूनच उद्भवते. करणाऱ्याच्या मनात सदस्यत्व असते, हातून मात्र केवळ केबल लावली जाते आणि यंत्र त्यास विलीनीकरण समजते. यासाठी केबलीच्या संदर्भात ‘जोडणे’, सदस्यत्वाच्या संदर्भात ‘समाविष्ट करणे’ आणि दोन चालत्या चळतींच्या संदर्भात ‘विलीन होणे’ असे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत.

क्रम सांगण्याच्या कामी मात्र मराठीचे व्याकरण विशेष साहाय्यकारी आहे. ‘-ऊन’ प्रत्ययान्त पूर्वकालवाचक धातुसाधित अव्ययाने आधीची क्रिया संपल्यावरच पुढची क्रिया होते, हे निःसंदिग्धपणे व्यक्त होते. ‘वीज काढून, केबल जोडून, मग पेटी सुरू करावी’ या एका वाक्यात संपूर्ण विधी येतो. ‘पेटी सुरू करून जोडावी’ असे म्हटले, की तो विधी नेमका उलटा होतो. शब्द तेच, प्रत्ययही तोच. केवळ त्याचे स्थान बदलले. सूचना लिहिणाराने या प्रत्ययास हलके लेखू नये.

‘मास्टर’ या शब्दास ‘मालक’ किंवा ‘धनी’ म्हणणे युक्त नव्हे. येथे कोणी कोणाचा स्वामी नसतो; समानांतून एकाची निवड होते आणि तो गेल्यास दुसरा त्याची जागा घेतो. मूळ व्यवहारातही तो शब्द मागे पडत आहे. ‘प्रमुख’ आणि ‘राखीव’ हे शब्द मराठीत पुरेसे आहेत. याउलट ‘स्विच’, ‘पोर्ट’, ‘केबल’ हे शब्द जसेच्या तसे ठेवणेच श्रेयस्कर, कारण दुकानात, कार्यशाळेत आणि यंत्राच्या पाठीवर तेच आढळतात. राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत आपल्याकडे शब्दनिर्मितीची मोठी परंपरा आहे. १९६० नंतर तिला शासकीय अधिष्ठानही लाभले. त्या परंपरेतून एक धडा मिळतो. वस्तूंची नावे परकी राहिली तरी भाषेचे फारसे बिघडत नाही, परंतु क्रिया आणि संबंध दाखविणारे शब्द स्वभाषेतील व निःसंदिग्ध असले पाहिजेत, कारण चूक घडते ती क्रियेत.

८. समारोप

आज अशा चळती मुख्यतः शहरांतील मोठ्या संस्थांत आढळतात. परंतु ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने राबविण्यात आली. तालुक्याच्या ठिकाणची कार्यालये, रुग्णालये व महाविद्यालये यांची जाळी यापुढे वाढत जाणार, आणि ती सांभाळणारे तरुण बहुतांशी मराठीत विचार करणारे असणार. त्यांच्या हाती इंग्रजी पुस्तिका असेल. पण केबल काढण्यापूर्वी सोबत्यास जे वाक्य ते सांगतील, ते मराठी असेल. ते वाक्य संदिग्ध असू नये, एवढी जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांवर येते.

यंत्रांची चळत आणि माणसांचे गाव यांत अर्थातच मोठे अंतर आहे. चळतीतील प्रमुख अंकांवरून ठरतो. ग्रामसभेत बोलावे लागते, ऐकावे लागते आणि नाइलाजाने का होईना, शेजाऱ्याचे म्हणणे मान्य करावे लागते. तरीही जेथे अनेकांचा आधार एक असतो, तेथे कोणतीही भर एकट्याची नसते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. नव्या विहिरीपूर्वी पाण्याचा हिशेब, नव्या बांधापूर्वी माथ्यावरचे चर आणि नव्या पेटीस वीज देण्यापूर्वी पक्की बसलेली केबल, एवढे पथ्य पाळले, की भर घालणे सुरक्षित होते.